मानेतल्या वाहिन्या मोकळ्या असताना उंदराची मान आवळून काय कळतं?

तुमचं म्हणणं मला जसं समजलं तसं आधी मांडतो. वडील ७४ वर्षांचे. दोन वर्षांत विसरणं वाढलंय, पण घरच्यांना जास्त जाणवतं ते त्यांचं संथ होणं. एक काम हातात असताना दुसरं सांगितलं की दोन्ही अर्धवट राहतात. एमआरआयच्या अहवालात लहान रक्तवाहिन्यांचा आजार आणि मेंदूच्या पांढऱ्या भागातले ठिपके असं लिहिलंय. डॉक्टर म्हणाले, जोडीला अल्झायमरही असावा. पण बाबांना पक्षाघात कधी झाला नाही आणि मानेच्या डॉपलरमध्ये, म्हणजे रक्तप्रवाह बघणाऱ्या सोनोग्राफीत, दोन्ही बाजूंच्या वाहिन्या मोकळ्या आहेत. त्यात तुम्ही वाचलंत की उंदरांच्या मानेतल्या वाहिन्या आवळून डिमेन्शियावर संशोधन करतात. म्हणून तुम्ही विचारताय: नक्की आजार कोणता, आणि असल्या उंदरांचा आम्हाला उपयोग काय?

मी डॉक्टर नाही. वीसएक वर्षं मेंदूच्या रक्तवाहिन्यांवर प्रयोगशाळेत काम करतोय. त्यामुळे बाबांच्या औषधांबद्दल मी बोलणार नाही, पण उंदरांची बाजू घेऊन बोलू शकतो. आणि तुमचा आक्षेप अगदी बरोबर जागी लागलाय, हेही कबूल करतो. आमच्या क्षेत्रातली निम्मी भांडणं ह्याच मुद्द्यावरून होतात.

तुमच्या प्रश्नामागे एक समजूत आहे: रक्तवाहिनीचा आजार म्हणजे वाहिनी तुंबणं, आणि तुंबली की झटका यायलाच हवा. ही समजूत तुमची एकटीची नाही. १९७४च्या आधी म्हातारपणाच्या डिमेन्शियाचं खापर सरसकट 'धमन्या कडक झाल्या, मेंदू हळूहळू उपाशी पडला' ह्यावर फुटायचं. त्या वर्षी हाचिन्स्की आणि सहकाऱ्यांनी ठामपणे मांडलं की वाहिन्यांमुळे डिमेन्शिया होतो तो अशा संथ उपासमारीने नव्हे, तर लहानमोठ्या अनेक इन्फार्क्टमुळे, म्हणजे रक्त न पोचल्याने मेलेल्या तुकड्यांमुळे. ह्या मांडणीने बरीच भोंगळ निदानं थांबली. पण वाहिनी म्हणजे स्ट्रोक आणि स्ट्रोक नाही तर अल्झायमर, अशी वाटणी लोकांच्या डोक्यात बसली ती बसलीच. प्रयोगशाळेत गेल्या काही दशकांत जे दिसलं त्याने ही वाटणी मोडली आहे.

मेंदूचं वजन शरीराच्या साधारण २ टक्के, पण विश्रांतीतही तो २० टक्क्यांच्या आसपास प्राणवायू वापरतो आणि साठा जवळपास शून्य ठेवतो. म्हणून रक्त नुसतं पोचून भागत नाही. जो भाग आत्ता काम करतोय तिथे ते एक-दोन सेकंदांत वाढावं लागतं. चेतापेशी, त्यांच्याभोवतीच्या आधारपेशी, वाहिनीचं आतलं अस्तर आणि भिंतीतले स्नायू एकमेकांना निरोप देतात आणि वाहिनी रुंदावते. कालव्याला पाणी सोडलेलं असावं पण चारीची दारं वेळेवर कोणी उघडू नयेत, तशी अवस्था लहान वाहिन्यांच्या आजारात होते. डॉपलर कालवा बघतो. दारं त्याला दिसत नाहीत.

शिवाय वाहिनीला नुसती ने-आण करायची नसते. तिचं अस्तर रक्तातलं नको ते मेंदूत शिरू देत नाही. भिंतीच्या कडेने मेंदूतला कचरा बाहेर जातो. आणि तेच अस्तर आसपासच्या पेशींना जगण्याचे काही संकेतही देत असतं. ह्यातलं एकेक काम बिघडलं, तर कुठेही गुठळी न होता मेंदूचं नुकसान होऊ शकतं.

आता मान आवळण्याकडे येतो. माउस आणि रॅट दोघांनाही आपण मराठीत उंदीरच म्हणतो, पण इथे फरक महत्त्वाचा आहे. रॅटच्या मानेतल्या दोन्ही मुख्य धमन्या बांधल्या तरी तो सहसा जगतो, कारण मेंदूच्या तळाशी असलेल्या वाहिन्यांच्या कड्यातून मागच्या बाजूचं रक्त पुढे येतं. जर्बिल नावाच्या वाळवंटी उंदराचं हे कडं अपुरं असतं, म्हणून त्याच्यात हाच प्रयोग केला तर मेंदू भराभर मरतो. माउसमध्येही दोन्ही धमन्या पूर्ण बांधणं झेपत नाही. म्हणून २००४मध्ये जपानी संशोधकांनी एक युक्ती काढली. ०.१८ मिलिमीटर आतला व्यास असलेली बारीक स्प्रिंग दोन्ही धमन्यांवर गुंडाळायची. धमनी बंद होत नाही, अरुंद होते. मेंदूचा रक्तप्रवाह साधारण पाव ते एक तृतीयांशाने घटतो आणि मग बराचसा सावरतोही. तरीसुद्धा दोन आठवड्यांनी पांढऱ्या भागात, म्हणजे मेंदूचे भाग जोडणाऱ्या तारांच्या जुड्यांमध्ये, नुकसान दिसतं. चेतापेशींचा राखाडी भाग तोवर जवळजवळ शाबूत असतो. महिन्याभराने ह्या उंदरांना चक्रव्यूहात सोडलं, तर आत्ताच कुठल्या वाटेने जाऊन आलो हे त्यांच्या ध्यानात राहत नाही.

तुमच्या आक्षेपाचं उत्तर इथे आहे. मान ही आमच्यासाठी नुसती मूठ आहे. पकडायला सोपी म्हणून तिथे पकडतो. बाबांच्या मानेत असंच झालंय असं कोणी म्हणत नाही. प्रयोग विचारतो ते एवढंच: कुठेही अडथळा न होता रक्त थोडंसं, पण दीर्घकाळ कमी पडलं तर आधी काय मोडतं? आणि उत्तर येतं, तारांचं आवरण. पांढऱ्या भागाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या लांब, बारीक आणि शेवटच्या टोकाच्या असतात. शेजारून दुसरी वाट नसते. तारांवर मायलिनचं आवरण चढवणाऱ्या पेशीही प्राणवायूच्या तुटवड्याला फार नाजूक. आवरण गेलं की संदेश सावकाश जातात. बाबांच्या विसरण्यापेक्षा त्यांचं संथ होणं जास्त जाणवतं, एका वेळी दोन कामं त्यांना जमेनाशी झाली, हे तुमचं निरीक्षण ह्या चित्राशी जुळतं. जुळतं म्हणजे सिद्ध झालं असं नव्हे, तेवढं लक्षात ठेवा.

ह्या पद्धतींनी मला स्वतःला एकदा चांगलंच फसवलंय. सुरुवातीच्या वर्षांत आम्ही रॅटच्या दोन्ही धमन्या बांधून त्यांची पाण्याच्या चक्रव्यूहात परीक्षा घेत होतो. रिचर्ड मॉरिस ह्यांची १९८१ची ही पद्धत. गढूळ पाण्याच्या हौदात पृष्ठभागाखाली एक चौथरा लपवलेला असतो, आजूबाजूच्या खुणा बघून उंदराने तो शोधायचा. आमचे उंदीर नुसते गोल गोल पोहत होते. आम्ही खूश, स्मृती गेली म्हणून. चार महिन्यांची मोजमापं जमल्यावर प्राणिगृहातल्या एका अनुभवी सहायकाने सहज विचारलं, "ह्यांना दिसतंय का पण?" मग चौथरा पाण्याच्या वर काढून त्यावर झेंडी लावली. बऱ्याच उंदरांना तोही सापडला नाही. डोळ्यांना रक्त जातं ते ह्याच धमन्यांच्या फांदीतून. धमन्या बांधल्यावर रॅटच्या डोळ्याचा पडदा आणि दृष्टीच्या तारा खराब होऊ शकतात, हे तोवर इतरांनी लिहून ठेवलेलं होतं, आम्ही वाचलं नव्हतं. चार महिने पाण्यात गेले, शब्दशः. तेव्हापासून कोणी 'उंदराची स्मृती गेली' म्हणालं की मी पहिल्यांदा डोळे, मग पाय, मग मनःस्थिती विचारतो.

मान आवळून जे मिळत नाही तेही सांगतो. उंदीर बहुधा तरुण असतो, त्याच्या वाहिन्यांच्या भिंती निरोगी असतात. माणसात गोष्ट उलटी असते: आधी वर्षानुवर्षं रक्तदाब, वय आणि मधुमेह लहान धमन्यांची भिंत जाड आणि ताठर करतात, प्रवाहाचं बिघडणं त्यातून येतं. त्यात माणसाच्या मेंदूत पांढरा भाग जवळजवळ निम्मा आणि माउसमध्ये फार तर दहावा हिस्सा. ज्या भागाचा आजार अभ्यासायचा तोच भाग प्राण्यात इवलासा.

म्हणून दुसरे प्राणी लागतात. क्योटोत ओकामोटो आणि आओकी ह्यांनी १९६३मध्ये निवड करत करत रॅटचं एक असं वाण तयार केलं, ज्याचा रक्तदाब आपोआप वाढतो. त्यातूनच पुढे पक्षाघाताकडे झुकणारं वाण निघालं. पण माझ्या मते सगळ्यात स्वच्छ धडा दिला तो काडासिल ह्या आनुवंशिक आजाराने. १९९६मध्ये त्याचा दोष नॉच-३ ह्या जनुकात सापडला. हे जनुक मुख्यतः धमनीच्या भिंतीतल्या स्नायुपेशींमध्ये आणि केशवाहिन्यांना बिलगून असलेल्या पेरिसाइट नावाच्या पेशींमध्ये काम करतं. दोष वाहिनीच्या भिंतीत, आणि रोगी मात्र ऐन मध्यमवयात पांढऱ्या भागाच्या खराबीपासून डिमेन्शियापर्यंत जातो. अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारं अमायलॉइड हे प्रथिन असण्याची गरजच पडत नाही. वाहिन्या एकट्याने डिमेन्शिया घडवू शकतात का, ह्या प्रश्नाचा निकाल माझ्यापुरता इथेच लागला. हाच दोष घातलेल्या माउसमध्ये २०१०मध्ये क्रमही दिसला: आधी वाहिन्यांचं रुंदावणं बिघडतं आणि केशवाहिन्या विरळ होतात, पांढऱ्या भागातलं नुकसान त्यानंतर येतं. म्हणजे एमआरआयवर ठिपका उमटतो तेव्हा गोष्ट बरीच पुढे गेलेली असते.

आता 'नक्की आजार कोणता' ह्याकडे. हे दोन आजार शेजारी शेजारी नांदत नाहीत, एकमेकांच्या घरात घुसतात. १९९०मध्ये आलेल्या द्वि-फोटॉन सूक्ष्मदर्शकाची ह्यात फार मदत झाली. कवटीला बारीकशी काचेची खिडकी बसवायची, रक्तात चमकणारा रंग सोडायचा, की जिवंत माउसच्या मेंदूत एकेक रक्तपेशी धावताना दिसते. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी जेवायला जायचं विसरलो होतो. कॉर्नेल विद्यापीठातल्या गटाने २०१९मध्ये ह्याच पद्धतीने दाखवलं की अल्झायमरच्या माउसमध्ये कोणत्याही क्षणी सुमारे २ टक्के केशवाहिन्या ठप्प असतात, कारण रक्तातल्या पांढऱ्या पेशी आत चिकटून बसलेल्या असतात. २ टक्के म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण एक नळी थांबली की तिच्यापुढच्या कित्येक नळ्या मंदावतात. त्या पेशींविरुद्धचं प्रतिपिंड टोचल्यावर काही मिनिटांत प्रवाह वाढला आणि काही तासांत स्मृतीच्या चाचण्याही सुधारल्या. त्याच वर्षी युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या गटाने दाखवलं की अमायलॉइडमुळे पेरिसाइट आकसतात आणि केशवाहिनी चिमटली जाते. त्यांनी हे माणसाच्या मेंदूच्या ऊतीतही तपासलं, म्हणून त्या कामाचं वजन माझ्या लेखी जास्त आहे.

उलट दिशाही आहे. भिंती ताठर झाल्या की अमायलॉइड बाहेर पडण्याची वाट अडते आणि ते वाहिनीच्या भिंतीतच साचतं, मग ती भिंत ठिसूळ होऊन झिरपू लागते. कोंबडी आधी की अंडं, हे प्रत्येक रोग्यात वेगळं असू शकतं.

माणसांच्या मेंदूंच्या शवविच्छेदनातही हेच दिसतं. अमेरिकेतल्या ननवर झालेल्या अभ्यासात १९९७मध्ये १०२ जणींचे मेंदू तपासले होते. त्यातल्या ६१ जणींच्या मेंदूत अल्झायमरच्या खुणा निकषात बसण्याइतक्या होत्या. ह्या ६१मध्ये ज्यांना खोल भागात एक-दोन बारीक इन्फार्क्ट होते, त्यांच्या बाबतीत डिमेन्शियाचं पारडं इतरांपेक्षा सुमारे २० पट जड निघालं. संख्या लहान असल्याने त्या २० आकड्याला मी फार चिकटून राहणार नाही. पण दिशा पुढच्या मोठ्या अभ्यासांतही तीच राहिली. समाजातल्या वृद्धांचे मेंदू तपासले की डिमेन्शिया झालेल्या बहुतेकांत एकाहून जास्त आजार सापडतात. तुमच्या डॉक्टरांनी दोन्ही नावं घेतली ती गोंधळून नव्हे.

इथवर वाचून असं वाटेल की सगळा मामला प्रवाह कमी होण्याचा आहे. मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. मग न्यूयॉर्कमधल्या यादेकोला ह्यांच्या गटाचे मिठावरचे प्रयोग आले. माउसना नेहमीच्या खाद्याच्या ८ ते १६ पट मीठ दिलं. आतड्यातल्या रोगप्रतिकारक पेशी चाळवल्या, त्यांनी सोडलेल्या द्रव्याने वाहिन्यांच्या अस्तराचं नायट्रिक ऑक्साइड (वाहिनीला रुंदावायला सांगणारा रेणू) घटलं, प्रवाह कमी झाला, स्मृती ढासळली. इथवर माझ्या समजुतीप्रमाणेच. पण २०१९मध्ये त्यांनी हाच प्रयोग टाऊ हे प्रथिनच नसलेल्या माउसवर केला. प्रवाह तेवढाच कमी राहिला, आणि स्मृती मात्र शाबूत! म्हणजे त्या उंदरांचं नुकसान उपासमारीने झालंच नव्हतं. अस्तराचा संकेत थांबल्याने चेतापेशींतलं टाऊ बिघडलं होतं, आणि टाऊ तर अल्झायमरचा दुसरा मुख्य आरोपी. वाहिनीचा बिघाड थेट अल्झायमरच्या यंत्रणेला चालना देऊ शकतो, तेही रक्ताच्या कमतरतेला बाजूला ठेवून. हा शोधनिबंध मी विद्यार्थ्यांना दरवर्षी वाचायला लावतो. (बाबांनी मीठ किती खावं हे मात्र ह्या प्रयोगावरून ठरवू नका. तो डोस उंदरांचा होता. मीठ कमी करायला रक्तदाबाचं कारण पुरेसं आहे.)

तर प्रत्येक प्राणी एकेका प्रश्नाचं उत्तर देतो: स्प्रिंगवाला माउस प्रवाहाचं, नॉच-३वाला भिंतीचं, मिठाचा अस्तराचं, अमायलॉइडवाला दोन आजारांच्या संगनमताचं. तुमचे बाबा अख्खे ह्यातल्या कुणातच नाहीत. 'डिमेन्शिया झालेला उंदीर' असं कोणी म्हटलं की मी सावध होतो.

पुढे कधी 'उंदरांची स्मृती परत आली' अशी बातमी वाचलीत, तर मी काय बघतो ते सांगतो. मोजमाप भुलेखाली घेतलं की जागेपणी? आयसोफ्लुरेन ही नेहमीची भूल स्वतःच वाहिन्या रुंदावते, म्हणजे जे मोजायचं तेच बदलून टाकते. उंदीर किती महिन्यांचे होते, नुसते नरच होते का? चाचणी घेणाऱ्याला कोणता उंदीर कोणत्या गटातला हे माहीत होतं का? औषध आजाराच्या आधी दिलं की नंतर? शेवटच्या प्रश्नावर निम्म्या बातम्या गळतात, कारण माणूस दवाखान्यात येतो तो नंतरच.

उंदरापासून माणसापर्यंतचं अंतर किती, त्याचं एक उदाहरण. उच्च रक्तदाबाच्या माउसमध्ये केशवाहिन्यांच्या अस्तरातली पोटॅशियमची एक वाट बिघडते आणि 'इथे रक्त हवंय' हा निरोप वर पोचत नाही. २०२१मध्ये दिसलं की रक्तदाबाच्या औषधांपैकी अम्लोडिपिनने हे सुधारतं, लोसार्टनने नाही. वाचून कोणालाही वाटेल, रोग्यांना अम्लोडिपिनच द्यावं. पण २०२३मध्ये लहान वाहिन्यांचा आजार असलेल्या माणसांमध्ये अम्लोडिपिन, लोसार्टन आणि अटेनोलॉल ह्यांची तुलना प्रसिद्ध झाली, तेव्हा मेंदूतल्या वाहिन्यांच्या रुंदावण्यात तिघांत फरक निघाला नाही. माणसातला प्रयोग काही आठवड्यांचा होता, मोजण्याची पद्धत वेगळी होती, हे सगळं खरं. तरी बाबांची गोळी उंदराच्या निबंधावरून बदलून मागू नका, एवढं ह्यातून नक्की निघतं.

रक्तदाब उतरवल्याने फायदा होतो का, हा वेगळा प्रश्न, आणि त्यावर माणसांचाच पुरावा आहे. स्प्रिंट-माइंड ह्या अमेरिकी चाचणीत ९,३६१ जण होते. वरचा रक्तदाब १२०च्या खाली ठेवण्याचं लक्ष्य एका गटाला, १४०च्या खाली दुसऱ्याला. २०१९च्या निकालात पहिल्या गटात डिमेन्शियाच्या अलीकडची सौम्य बौद्धिक घट १९ टक्के कमी आढळली आणि पांढऱ्या भागातले ठिपके सावकाश वाढले. खुद्द डिमेन्शियातली घट मात्र संख्याशास्त्राच्या कसोटीवर उतरली नाही, बहुधा चाचणी लवकर थांबवावी लागल्यामुळे. ह्या चाचणीत मधुमेही आणि पक्षाघात होऊन गेलेले लोक घेतले नव्हते. बाबांना मधुमेह आहे का, उठून उभं राहताना चक्कर येते का, पडले आहेत का, ह्यावर त्यांचं लक्ष्य ठरेल, आणि ते त्यांना तपासणाऱ्यानेच ठरवायचं.

ह्या आजारासाठीच म्हणून औषधांची चाचणीही सुरू झाली आहे. ब्रिटनमध्ये लॅसी-२ ह्या चाचणीत आयसोसॉर्बाइड मोनोनायट्रेट आणि सिलोस्टाझोल ही दोन जुनी औषधं ३६३ जणांवर वापरून पाहिली. पहिलं नायट्रिक ऑक्साइडच्या बाजूने काम करतं, म्हणजे उंदरांच्या प्रयोगांत वारंवार येणारा तोच रेणू. २०२३चे निकाल आशादायक होते, पण ही चाचणी मुळात औषधं झेपतात का हे पाहण्यासाठी होती. मोठ्या चाचणीशिवाय मी त्यावर पैज लावणार नाही.

एक गोष्ट मात्र पुढच्या भेटीत जरूर विचारा: एमआरआयमध्ये सूक्ष्म रक्तस्रावांसाठीचा क्रम (सिक्वेन्स, म्हणजे प्रतिमा घेण्याची खास पद्धत) घेतला होता का, आणि रक्तस्रावाचे असे ठिपके किती व कुठे दिसले. ते मेंदूच्या पृष्ठभागाजवळ असतील तर भिंतीत अमायलॉइड साचल्याचा संशय येतो, खोलवर असतील तर रक्तदाबाकडे बोट जातं. आणि उद्या कोणी लेकानेमॅबसारख्या अमायलॉइड काढणाऱ्या औषधाचं नाव काढलं, तर ही संख्या निर्णायक ठरेल. चारपेक्षा जास्त सूक्ष्म रक्तस्राव असलेल्यांना ते सहसा देत नाहीत, कारण अमायलॉइड उपसताना आधीच कमकुवत झालेल्या भिंतीतून मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होऊ शकतो. अहवालात हा आकडा नसेल तर जुन्या प्रतिमांवरूनही रेडिओलॉजिस्ट तो काढून देऊ शकतात, तो क्रम घेतलेला असला म्हणजे झालं.